गाडीची काच अडली? आधी निदान, मग खर्च

एके काळी पारनेर तालुक्यातल्या वाडीवस्तीवर चारचाकी आली की पोरं धुरळ्यातून मागे पळत सुटायची. आता तसे राहिलेले नाही. नगर-पुणे रस्त्यावरच्या आपल्या सुप्यात औद्योगिक वसाहत झाली. कुणाचा मुलगा कंपनीत लागला, कुणाला एखाद्या वर्षी कांद्याने साथ दिली, कुणी दुधाच्या पगारातून हप्ता बांधून घेतला, आणि दारात गाडी उभी राहिली. यातल्या बऱ्याच गाड्या मात्र दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या. घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, कागद तपासतो. चारही दारांच्या काचा बटणावर वर-खाली होतात की नाही, हे फार थोडे लोक पाहतात.

मग एक दिवस बाजार समितीच्या आवारात काच खाली जाते ती वर येतच नाही. आभाळ भरून आलेले, गाडीत खताची गोणी, मागे लेकरं. घाईघाईने गॅरेज गाठावे, तर तिथे एका वाक्यात निकाल लागतो : "मोटार गेली." नवी मोटार बसते, पैसे जातात, आणि आठ दिवसांनी काच पुन्हा अडते. कारण मोटार गेलेलीच नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

आमचे नेहमीचे काम पिकाचे. पण पिकाला लागू पडते तेच इथेही लागू पडते. पान पिवळे पडले म्हणजे युरियाच कमी पडला, असे नसते. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही म्हणूनही पान पिवळे पडते, मुळाशी पाणी साचले तरी पडते, हुमणीने मुळ्या खाल्ल्या तरी पडते. आधी निदान, मग औषध. काचेचेही तसेच आहे. क्रमाने पाहिले तर निम्मे काम बिनपैशाचे आहे, आणि उरलेले काम मेकॅनिककडे देताना त्याला नेमके काय सांगायचे ते आपल्याला कळते.

विहिरीवरची मोटार आठवा

बटणावर चालणाऱ्या काचा आपल्याकडे काही कालच्या नाहीत. पुण्यात तयार होणाऱ्या टाटांच्या सिएरा गाडीत १९९१ सालीच त्या होत्या. पण बरीच वर्षे ती चैन समजली जायची. साध्या गाडीला हाताने फिरवायचा दांडा असे. आता जुन्या बाजारातल्या लहान गाडीलाही निदान पुढच्या दोन दारांना बटणे असतात.

यातली रचना घाबरण्यासारखी नाही. आपल्या विहिरीवर वीज कशी येते? डीपीवरून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून स्टार्टरमध्ये, तिथून केबलने मोटारीत, आणि मोटार पंप फिरवते तेव्हा पाणी वर येते. गाडीतही तीच साखळी आहे, फक्त छोटी. डीपीच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी. मग फ्यूज आणि रिले. स्टार्टरच्या जागी दारावरचे बटण. केबलच्या जागी दाराच्या बिजागरीजवळून रबरी नळीतून आत गेलेल्या तारा. मग दाराच्या पोटातली छोटी मोटार. आणि पंपाच्या जागी काच उचलणारी यंत्रणा, जिला गॅरेजवाले 'काचेचे मशीन' आणि कंपनीवाले 'रेग्युलेटर' म्हणतात. ही यंत्रणा कात्रीसारख्या पट्ट्यांची असते किंवा पोलादी वायरची. तिच्यावर काच बसवलेली असते आणि ती दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांतून सरकते.

थ्री फेज मोटारीच्या दोन फेज बदलल्या की ती उलटी फिरते, हे आपल्याला माहीत आहे. काचेच्या मोटारीला दोनच तारा. त्यांची अदलाबदल झाली की फिरण्याची दिशा बदलते. बटण वर ओढले की वीज एका बाजूने येते, खाली दाबले की दुसऱ्या बाजूने. बटणाचे मुख्य काम एवढेच. स्टार्टरला ओव्हरलोड असतो तशी सोय या मोटारीतही असते. लेकरांनी खेळ म्हणून काच दहा-वीस वेळा वर-खाली केली की मोटार तापते आणि आपोआप थांबते. पाच-दहा मिनिटांनी गार झाली की पुन्हा चालते. तेव्हा काच अचानक बंद पडली, तर आधी मागच्या सीटवर कोण बसले होते ते विचारा.

दार खोलण्याआधी पाच प्रश्न

हातात पाना घेण्याआधी खालच्या पाच प्रश्नांची उत्तरे शोधावीत. यासाठी एक पैसाही लागत नाही.

पहिला प्रश्न : चावी पूर्ण चालू आहे का, आणि कुलपाचे बटण दाबले गेले आहे का? बहुतेक गाड्यांत चावी चालू केल्याशिवाय काचा चालत नाहीत. शिवाय चालकाच्या दारावर बाकीच्या काचा बंद ठेवणारे एक वेगळे बटण असते. ते दाबलेले असले की चालकाची काच चालते, पण इतर दारांवरची बटणे मुकी होतात. नव्याने गाडी घेतलेले बरेच जण एवढ्यासाठी गॅरेजला जातात.

दुसरा प्रश्न : एकच काच बंद आहे की सगळ्या? सगळ्या काचा एकदम बंद पडल्या, तर चारही मोटारी एकाच दिवशी जळाल्या असे होत नाही. वस्तीवरच्या सगळ्या विहिरी एकदम बंद पडल्या तर आपण डीपीकडे जातो. इथेही तसेच करावे. फ्यूज, रिले, मुख्य तार किंवा चालकाच्या दारावरची बटणपट्टी पाहावी. एकच काच बंद असेल तर दोष बहुधा त्या दाराच्या बटणात, तारेत, मोटारीत किंवा मशीनमध्ये असतो. काही गाड्यांत प्रत्येक दाराला वेगळा फ्यूज असतो, तोही बघून घ्यावा.

तिसरा प्रश्न : कोणत्या बटणावर चालते? डाव्या दाराची काच तिथल्या बटणावर चालते पण चालकाच्या बटणावर चालत नाही, तर मोटार ठणठणीत आहे, चालकाकडचे बटण किंवा त्याची तार बिघडली आहे. उलट असेल तर त्या दाराचे बटण पाहावे. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. बऱ्याच गाड्यांत डाव्या दाराच्या मोटारीची वीज चालकाच्या बटणपट्टीतून फिरून पूर्ण होते. त्यामुळे चालकाचे बटण खराब झाले तर डाव्या दाराची काच तिच्या स्वतःच्या बटणावरही चालत नाही. काच खाली जाते पण वर येत नाही, अशी एकाच दिशेची अडचण असेल, तर पहिला संशय बटणाच्या आतल्या पट्टीवर घ्यावा.

चौथा प्रश्न : आवाज कसला येतो? गाडी बंद, पंखा बंद, रेडिओ बंद करून दाराला कान लावा आणि बटण दाबा. मोटार घर्रघर्र फिरते पण काच हलत नाही, तर मशीनची वायर तुटली आहे किंवा काच पकडीतून सुटली आहे. मोटार चांगली आहे. नुसता 'टक्' आवाज येतो, तर वीज रिलेपर्यंत जाते, पुढे मोटार अडली आहे किंवा तार तुटली आहे. काहीच आवाज नाही, तर वीजच पोचत नाही किंवा मोटार मेली आहे.

पाचवा प्रश्न : दिवा मंद होतो का? छतातला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटार वीज ओढते आहे, पण काहीतरी तिला अडवते आहे. म्हणजे खाचेत धूळ, वाकलेली पट्टी किंवा अडकलेली काच. दिवा जराही हलला नाही तर वीज मोटारीपर्यंत जातच नसावी.

या पाच उत्तरांतून दहापैकी सहा-सात वेळा दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते कळून येते. उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून ठेवली तर गॅरेजमध्येही कामास येतात.

फ्यूज बदला, तार बांधू नका

फ्यूजची पेटी बहुधा स्टेअरिंगच्या खाली किंवा बॉनेटमध्ये असते, काही गाड्यांत दोन्हीकडे असते. कोणता फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. चावी बंद करून तो फ्यूज प्लॅस्टिकच्या चिमट्याने काढावा आणि उजेडात धरावा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर तो गेला. काचांना साधारणपणे २० ते ३० अँपिअरचा फ्यूज असतो. रंगावरूनही ओळखता येतो : २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा पारदर्शक, ३० चा हिरवा. जितक्याचा असेल तितक्याचाच बसवावा. फ्यूज ही अगदी स्वस्त वस्तू आहे. दोन-तीन फ्यूज गाडीत कायम ठेवावेत.

आता महत्त्वाचे. विहिरीवरच्या किटकॅटमध्ये जाड तार बांधायची आपली जुनी खोड आहे. ती गाडीत चालवू नका. फ्यूज उडतो तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे, तर पुढची तार वाचवायला. नवा फ्यूज लगेच पुन्हा उडाला, तर कुठेतरी तारेची साल निघून ती पत्र्याला टेकते आहे. तिथे जाड तार किंवा चांदीचा कागद लावला तर फ्यूजऐवजी दाराच्या आतली वायरिंग जळते. बाजूलाच फोमची सीट आणि डिझेल-पेट्रोलची टाकी आहे, हे विसरू नये.

तार तुटते ती बिजागरीपाशी

दार उघडून बिजागरीजवळ पाहा. गाडीच्या खांबातून दारात जाणारी एक रबरी नळी दिसेल. सगळ्या तारा तिच्यातून जातात. दार दिवसातून वीस वेळा उघडते आणि मिटते, तितक्या वेळा त्या तारा वाकतात. बैलाच्या कासऱ्याला रोज एकाच जागी घडी पडली तर तो तिथेच झिजतो. तारेचेही तसेच. वरून साल शाबूत आणि आतून तांबे तुटलेले, असा हा फसवा दोष असतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि दार हळूहळू उघडा-मिटा करा. दाराच्या एखाद्या ठराविक जागी काच मध्येच हलली, तर दोष तारेत आहे. मोटार बदलण्याचा सल्ला अशा वेळी कुणी दिला तर नम्रपणे नको म्हणावे. तुटलेली तार जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नये. तेवढ्याच जाडीच्या तारेचा थोडा लांब तुकडा घेऊन डाग देऊन जोड द्यावा आणि जोड वाकण्याच्या जागेपासून दूर ठेवावा.

वीज पोचते की नाही, हे कसे पाहावे?

इथे एक सूचना. घरातल्या विजेचा टेस्टर, पेचकसासारखा, आपल्या खिशात असतो. तो १२ व्होल्टवर पेटत नाही. तो लागला नाही म्हणून वीज नाही, असे समजू नका. जुन्या साध्या गाडीसाठी १२ व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर आणि दोन तारा एवढ्यावर काम भागते. नव्या गाड्यांत काचांचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो, तिथे बल्ब लावू नये, मीटरच वापरावा.

आधी बॅटरी मोजावी. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी ठीक. बाराच्या खाली असेल तर काच हळू चालण्याचे कारण तिथेच असू शकते. गाडी चालू असताना काच सरसर जाते आणि बंद असताना रडत जाते, याचाही अर्थ बहुधा बॅटरी कमजोर किंवा तिच्या टोकांवर पांढरा क्षार साठला, असा असतो.

मग दाराचे आतले पॅनेल काढून मोटारीच्या जोडावर मीटर लावावा आणि बटण दाबावे. बॅटरीइतके व्होल्ट आले, बटण उलटे केल्यावर उणे झाले, आणि तरीही मोटार गप्प असेल, तरच मोटार खराब समजावी. व्होल्ट आलेच नाहीत तर मोटारीला हात लावू नये, एकेक टप्पा मागे जावे : रबरी नळीतील तारा, बटण, रिले, फ्यूज. बटण दाबलेले असताना दारावर मुठीने हलके ठोकले आणि मोटार सुरू झाली, तर तिच्या आतले कार्बन झिजले आहेत. ती अजून काही दिवस चालेल, पण ऐन वेळी दगा देणार हे धरून चालावे.

पॅनेल काढण्याबाबत तीन पथ्ये पाळावीत. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर स्वतः काहीही खोलू नये, कंपनीच्या केंद्रातच न्यावी. दारात किंवा सीटच्या बाजूला एअरबॅगच्या तारा असतील तर त्यांना मीटर, बल्ब काहीही लावू नये. त्यांचे जोड बहुधा पिवळे असतात. आणि दाराच्या पोटात हात असताना बटणाजवळ कुणाला बसवू नये. मशीनच्या पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात, त्यात बोट सापडले तर सुटत नाही. काच खाली असताना मोटार सोडवली की काच किंवा पट्टी झटक्याने निसटू शकते, म्हणून काचेला आधी टेप किंवा लाकडी पाचर लावून आधार द्यावा.

आपल्या भागातला खरा शत्रू : धुरळा

सुप्याच्या माळावर वारा किती, हे तिथल्या पवनचक्क्या पाहून कुणालाही कळावे. त्या वाऱ्याबरोबर उन्हाळाभर माती उडते. ती काचेच्या रबरी खाचांत बसते, वर पाऊस पडला की चिखल होतो, आणि वाळला की गाळाची सिमेंटसारखी पट्टी तयार होते. काच जड जाते, मोटार जास्त वीज ओढते, तापते, थांबते. असे वर्ष-दोन वर्षे चालले की मग खरोखरच मोटार जळते. गाळ भरलेल्या विहिरीत पाणबुडी मोटार जशी जळते, तसेच हे.

उपाय घरचा आहे. महिन्यातून एकदा काच पूर्ण खाली घेऊन ओल्या फडक्याने, पट्टीला कापड गुंडाळून, खाचा आतून पुसाव्यात. वाळल्यावर त्यात सिलिकॉनचा फवारा मारावा. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा गोडेतेल मुळीच लावू नये. दोन दिवस काच लोण्यासारखी चालते, पण तेलावर धूळ दुप्पट चिकटते आणि रबर फुगते.

काही गाड्यांत काच एका दाबात पूर्ण वर जाते आणि मध्ये काही आले तर आपोआप खाली येते. खाचेत गाळ असला तर यंत्रणेला वाटते कुणाचा हात मध्ये आला, आणि काच वर जाऊन परत खाली येते. बॅटरी बदलल्यावरही ती आपली मोजणी विसरते. अशा वेळी काच पूर्ण खाली नेऊन मग पूर्ण वर आणावी आणि बटण काही सेकंद तसेच ओढून धरावे. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. या साध्या गोष्टीसाठी मोटार बदललेले लोक आहेत.

बटणात पाणी आणि बटणात तेल

काच उघडी राहिली आणि पाऊस आत आला, तर आपण सीट पुसतो. बटण पुसत नाही. इथे जगातली दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

जानेवारी २०१० मध्ये होंडा कंपनीने जगभरातल्या सुमारे ६ लाख ४६ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. चालकाच्या उघड्या खिडकीतून पाणी काचेच्या बटणपट्टीत शिरले तर ती तापून आग लागू शकते, असे दिसून आले होते. दक्षिण आफ्रिकेत २००९ साली अशा एका गाडीला लागलेल्या आगीत एका बालकाचा जीव गेल्याचे त्या वेळी जाहीर झाले होते. आपल्या देशातल्या २००७ सालच्या ८,५३२ सिटी गाड्याही त्या वेळी बोलावल्या गेल्या. दुसरे उदाहरण टोयोटाचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या कंपनीने जगभरातल्या सुमारे ७४ लाख गाड्या काचेच्या बटणासाठीच परत बोलावल्या. कारखान्यात बटणाला ग्रीस सारखे लागले नव्हते, म्हणून ते अडखळत होते. लोकांनी अडखळणारे बटण मोकळे करायला बाजारातले वंगण मारले तर ते वितळून धूर निघू शकतो, असा इशारा कंपनीने दिला होता.

यातून आपण काय घ्यावे? बटण ओले झाले तर चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक काढावे, बटणपट्टी बाहेर काढून सावलीत पूर्ण वाळवावी आणि जाणकाराला दाखवूनच परत बसवावी. बटणात तेल, ग्रीस, रॉकेल घालू नये. फार तर विजेचे जोड साफ करायचा खास फवारा वापरावा, तोही बॅटरी सुटी असताना. बटणाजवळ जळका वास आला, बटण गरम लागले किंवा काच आपोआप हलू लागली, तर गाडी लगेच बाजूला घ्यावी, चावी बंद करावी आणि सगळ्यांनी, लेकरं आधी, खाली उतरावे.

जुनी गाडी घेताना तिचा चेसिस नंबर कंपनीच्या केंद्रात देऊन, ही गाडी कधी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का आणि ते काम झाले का, हे विचारावे. असे काम कंपनी पैसे न घेता करून देते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तिच्यामुळे सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारलाही मिळाला आहे.

पाऊस आला, काच खालीच

रस्त्यात वेळ आलीच तर काय करावे? गाडी सुरू ठेवून बॅटरीला जोर द्यावा. एकाने बटण वर ओढून धरावे आणि दुसऱ्याने काच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून सरळ वर उचलावी. बोटे वरच्या कडेवर ठेवू नयेत. बऱ्याचदा काच एवढ्याने वर येते. वर आली की पुन्हा खाली घेण्याचा मोह टाळावा आणि कुलपाचे बटण दाबून ठेवावे. आलीच नाही तर शेततळ्याच्या किंवा मल्चिंगच्या कागदाचा तुकडा बाहेरून लावून टेप मारावी, पण चालकाचा आरसा दिसेल इतकी जागा मोकळी ठेवावी. काच दाराच्या आत पडल्याचा आवाज आला तर बटण पुन्हा दाबू नये, मशीनमध्ये सापडून ती फुटते.

ओढ्याला पाणी असताना गाडी घालूच नये, हे तर आहेच. पण गाडी पाण्यात अडकलीच, तर पहिल्या काही क्षणांतच पट्टा सोडून काचा खाली घ्याव्यात. पाणी चढले की वीज बंद पडते आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारही उघडत नाही. ज्याची काच आधीच अडलेली आहे, त्याची सुटकेची वाट आधीच बंद झालेली असते.

लेकरांची मान आणि बोटे

हा सगळा खटाटोप पैसे वाचवण्यासाठी आहेच, पण तेवढ्यासाठीच नाही. काच वर नेणारी मोटार लहान असली तरी मशीनच्या जोरावर लेकराचे बोट, हात किंवा मान दाबण्याइतकी ताकदवान असते. हात मध्ये आला की थांबणारी सोय सगळ्याच गाड्यांत नसते. काही गाड्यांत ती असली तरी फक्त चालकाच्या काचेला असते. जुन्या पद्धतीच्या दाबायच्या बटणावर लेकरू गुडघा टेकवून खिडकीबाहेर डोकावले तरी काच वर येऊ शकते. अमेरिकेत अशा अपघातांत मुलांचे जीव गेले, तेव्हा २००५ सालच्या कायद्याने तिथे काच वर न्यायचे बटण ओढायचेच असावे, दाबायचे नसावे, असे ठरवावे लागले.

म्हणून चार सवयी लावून घ्या. मुलं मागे असली की कुलपाचे बटण दाबलेले ठेवा. काच वर घेताना आधी मागे वळून पाहा आणि "हात आत घ्या" असे मोठ्याने सांगा. पाच मिनिटांसाठी उतरलात तरी चावी काढून घ्या. आणि दारात उभी असलेली गाडी हे लेकरांचे खेळणे होऊ देऊ नका. उन्हाळ्यात बंद गाडी बघता बघता भट्टी होते. अडलेली काच आणि आतून न उघडणारे दार एकत्र आले तर आत अडकलेल्या लेकराला आवाजही देता येत नाही.

ग्रामपंचायत व शाळांनी एवढे करावे

सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांसाठी दोन शब्द. गावातून शाळेत मुले नेणाऱ्या गाड्या बऱ्याचदा गावातल्याच कुणाच्या तरी असतात. राज्यात २०११ साली स्कूल बसची नियमावली आली आणि तीत प्रत्येक शाळेची परिवहन समिती सांगितली आहे. त्या समितीच्या बैठकीत ब्रेक आणि टायरच्या बरोबर काचांचीही तपासणी घ्यावी. प्रत्येक काच प्रत्येक बटणावर चालते का, कुलपाचे बटण काम करते का, फ्यूजच्या जागी तार बांधलेली नाही ना, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. ग्रामपंचायतीच्या मालकीची गाडी असेल तर दुरुस्तीच्या बिलावर नुसते 'काच दुरुस्ती' असे लिहून घेऊ नये. दोष काय होता, कोणता भाग बदलला आणि जुना भाग परत मिळाला का, याची नोंद असावी.

हीच अट आपल्यालाही लागू आहे. गॅरेजमध्ये "काच चालत नाही" एवढेच सांगू नका. "फ्यूज शाबूत आहे, डाव्या बटणावर चालते, चालकाच्या बटणावर चालत नाही, दार हलवून पाहिले, फरक नाही" असे सांगा. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर खूश होतो, कारण त्याचाही वेळ वाचतो. मोटार बदलायची म्हणाला, तर जोडावर वीज येते का ते मीटर लावून दाखवायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या.

थोडक्यात काय, तर चावी आणि कुलूप, मग फ्यूज, मग बटण, मग बिजागरीतल्या तारा, मग मोटार, आणि शेवटी मशीन व खाचा, हा क्रम सोडू नका. यंदा पावसाआधी बियाण्याची उगवण तपासाल, तेव्हा त्याच दिवशी गाडीच्या चारही काचा एकदा वर-खाली करून पाहा. अडखळणारी काच कोरड्या दिवशी सापडली तर फडके आणि फवाऱ्यावर भागते. तीच भर पावसात रस्त्यावर सापडली तर गाठीचे पैसेही जातात आणि लेकरंही भिजतात.